परदेशात बाजार उघडला, गावात बंद केला : मांस-निर्यातीचा इतिहास आणि चांद्याचा म्हातारा बैल

२०१४-१५ हे आर्थिक वर्ष आपल्या कार्यकर्त्यांनी नीट लक्षात ठेवावे. त्या एका वर्षात भारताने सुमारे १४ लाख ७५ हजार टन म्हशीचे मांस परदेशात विकले आणि त्यातून २९ हजार कोटी रुपयांहून जास्त रक्कम मिळवली. त्या वर्षी बासमती तांदळापेक्षाही मांसाच्या निर्यातीतून जास्त पैसा आला. हेच वर्ष संपता संपता, ४ मार्च २०१५ पासून, महाराष्ट्रात बैल आणि वळू कापणे हाही गुन्हा ठरला.

म्हणजे दिल्लीतले अधिकारी परदेशी सरकारांना सांगत होते, "आमचे मांस सुरक्षित आहे, तुमचा बाजार आम्हाला उघडा." आणि मुंबईतले सरकार मूल-सावली-सिरोंच्याच्या शेतकऱ्याला सांगत होते, "तुझा म्हातारा बैल विकायचा बाजार आम्ही बंद केला." एकाच वर्षात, एकाच विचाराच्या पक्षाच्या राजवटीत या दोन्ही गोष्टी घडल्या. याला विसंगती म्हणून सोडून देणाऱ्यांशी आम्ही सहमत नाही. ही विसंगती नाही, ही व्यवस्था आहे. या व्यवस्थेत बाजाराचा हक्क कोणाला आहे आणि कोणाला नाही, याचा इतिहास आपण तपासला पाहिजे. गाय पवित्र की अपवित्र या वादात आपल्याला गुंतवून ठेवले जाते आणि खरा प्रश्न बाजूला राहतो.

शब्दांची चलाखी

आधी शब्द समजून घेऊ. परदेशी व्यापाराच्या भाषेत 'बीफ' म्हणजे मोठ्या जनावराचे मांस आणि 'व्हील' म्हणजे वासराचे मांस. जागतिक व्यापाराच्या वर्गवारीत गाय, बैल, म्हैस, रेडा हे सगळे एकाच गोवंशीय गटात येतात. अमेरिकेचे कृषी खाते जगाच्या 'बीफ आणि व्हील' व्यापाराचे तक्ते काढते, त्यात भारताचे म्हशीचे मांसही मोजले जाते. म्हणूनच त्या तक्त्यांत भारत जगातल्या सर्वात मोठ्या निर्यातदारांच्या रांगेत ब्राझील आणि ऑस्ट्रेलियाच्या बरोबरीने बसलेला दिसतो.

भारताच्या स्वतःच्या निर्यात धोरणात मात्र गाय, बैल आणि वासरू यांच्या मांसाच्या निर्यातीला बंदी आहे. परवानगी आहे ती फक्त म्हशीच्या, हाडे काढलेल्या मांसाला. त्यामुळे देशात भाषण करताना "आम्ही गोमांस विकत नाही" म्हणता येते आणि परदेशात त्याच दुकानाच्या फळीवर आपला माल ठेवता येतो. २०१४ च्या लोकसभा प्रचारात नरेंद्र मोदींनी मांस-निर्यातीला 'गुलाबी क्रांती' म्हणून हिणवले होते. २०१३-१४ मध्ये निर्यात सुमारे १३ लाख ६५ हजार टन होती, सत्ता आल्यानंतरच्या पहिल्याच वर्षी ती एक लाख टनांहून जास्त वाढली. खायचे दात वेगळे आणि दाखवायचे दात वेगळे, ते असे.

इंग्रजांच्या काळात : कातडे बाहेर, कलंक इथे

हा व्यापार काल-परवाचा नाही. आजचे चंद्रपूर आणि गडचिरोली हे दोन्ही जिल्हे तेव्हा चांदा नावाचा एकच जिल्हा होते आणि तो मध्य प्रांतात होता. रेल्वे आल्यावर या प्रांतातून धान, कापूस, कोळसा, लाकूड बाहेर जाऊ लागले, तसेच कातडे, शिंगे आणि हाडेही जाऊ लागली. १८९९-१९०० च्या मोठ्या दुष्काळात जनावरे पटापट मेली, तेव्हा देशातून कच्च्या कातड्याची निर्यात एकदम वाढली. शेतकऱ्याचा सर्वनाश आणि निर्यातदाराचा हंगाम एकाच वर्षी आला.

याच प्रांतात सागर-दमोहकडे मांस वाळवून ते ब्रह्मदेशात पाठवण्याचा धंदा चालत असे. १९२० साली सागरजवळ रतौना येथे डॅव्हनपोर्ट कंपनीचा मोठा कत्तलखाना काढण्याची योजना पुढे आली. त्याविरुद्ध माखनलाल चतुर्वेदी यांच्या 'कर्मवीर' या पत्राने आघाडी उघडली, सागरचे अब्दुल गनी यांच्यासारखे मुस्लिम कार्यकर्तेही त्यात उतरले आणि सरकारला माघार घ्यावी लागली. परकीय कंपनी आपले पशुधन नेणार, शेती बुडणार, हा त्या लढ्याचा आर्थिक मुद्दा होता आणि तो खोटा नव्हता. पण पुढे काय झाले पाहा. या लढ्यातला आर्थिक भाग विसरला गेला आणि धार्मिक भाग तेवढा उरला. कंपनी गेली, पण भांडवल गेले नाही. ते नंतर देशी रूपात आले.

या सगळ्या साखळीच्या तळाशी कोण होते? गावात मेलेले ढोर ओढणारा महार, कातडे कमावणारा चांभार आणि ढोर, दक्षिणेकडे सिरोंचाच्या बाजूला मादगी. कातडे रेल्वेने बंदरात गेले, बंदरातून विलायतेला गेले, त्याचे बूट झाले, पट्टे झाले. ते विकणारा व्यापारी प्रतिष्ठित राहिला. कातड्याला पहिला हात लावणारा मात्र अस्पृश्य राहिला. मालाला जगाचा बाजार मिळाला, माणसाला गावचा पाणवठाही मिळाला नाही.

एका बंदराची गोष्ट

परदेशी दारावर आज जे नियम आहेत त्यांचा उगमही आपल्याच जनावरांशी जोडलेला आहे. १९२० मध्ये भारतातून ब्राझीलला जाणारी गुरे बेल्जियमच्या अँटवर्प बंदरात उतरवली होती. त्यांच्यामुळे बेल्जियममध्ये बुळकांडी रोग पसरला आणि युरोप हादरला. १९२१ मध्ये पॅरिसला परिषद भरली आणि २५ जानेवारी १९२४ रोजी २८ देशांनी मिळून जनावरांच्या रोगांवर लक्ष ठेवणारी आंतरराष्ट्रीय संस्था स्थापन केली. आज तिला जागतिक पशुआरोग्य संघटना म्हणतात. कोणत्या देशात कोणता रोग आहे आणि त्या देशाचे मांस घ्यावे की नाही, हे जग तिच्या नियमांवरून ठरवते.

ब्राझीलला नेलेल्या आंध्रच्या ओंगोल जातीच्या गुरांपासून तिथे 'नेलोर' कळप वाढले आणि त्यांच्या जोरावर ब्राझील मांस-निर्यातीत जगात पुढे गेला. आपल्याच मातीतली गाय तिकडे अर्थव्यवस्था झाली, इकडे राजकारण झाली.

परदेशाचे दार कसे उघडते

१ जानेवारी १९९५ ला जागतिक व्यापार संघटना अस्तित्वात आली. तिच्यासोबत एक करार आला. त्याचा सारांश असा : कोणताही देश आपल्या माणसांच्या, जनावरांच्या आणि पिकांच्या आरोग्यासाठी परदेशी माल अडवू शकतो, पण त्याला शास्त्रीय आधार द्यावा लागेल. मनात आले म्हणून किंवा स्वतःच्या व्यापाऱ्यांना सांभाळायचे म्हणून अडवता येणार नाही. भारताने बर्ड फ्लूचे कारण देऊन अमेरिकेची कोंबडी अडवली होती. अमेरिकेने २०१२ मध्ये तक्रार केली आणि २०१५ मध्ये भारत ती केस अपिलातही हरला, कारण आपण दिलेला आधार आंतरराष्ट्रीय निकषांवर टिकला नाही. हे तत्त्व ध्यानात ठेवा. पुढे लागणार आहे.

भारताच्या मांसापुढची सर्वात मोठी अडचण म्हणजे लाळ-खुरकूत. या रोगाने जनावराच्या तोंडाला फोड येतात, खुरात जखमा होतात, लाळ गळते. माणसाला त्याचा सहसा धोका नसतो, पण ज्या देशात हा रोग नाही ते देश त्याच्या विषाणूला फार घाबरतात. म्हणून अमेरिका, युरोप, जपान यांचे बाजार आपल्या ताज्या-गोठवलेल्या मांसाला बंद आहेत.

मग उरलेली दारे कशी उघडली? तर एक तांत्रिक मार्ग निघाला. जनावर कापल्यावर त्याचे मांस २ अंशांपेक्षा जास्त तापमानात किमान २४ तास ठेवायचे. त्या काळात मांसात आम्ल तयार होते आणि त्याचा सामू ६ च्या खाली जातो. त्या आम्लात विषाणू टिकत नाही. हाडांत आणि गाठींत मात्र तो राहू शकतो, म्हणून हाडे आणि गाठी काढून टाकायच्या. अशा मांसाला आंतरराष्ट्रीय नियमांत जागा आहे. भारत हाडासकट मांस बाहेर पाठवत नाही, त्याचे कारण हे आहे.

यासाठी केंद्र सरकारची अख्खी यंत्रणा राबते. १९८५ च्या कायद्याने स्थापन झालेली 'अपेडा' कत्तलखान्यांची नोंदणी करते, पशुवैद्यक प्रमाणपत्र देतात, परदेशी पथके येऊन कारखाना तपासतात, हलालचे प्रमाणपत्र लागते, शीतगृह लागते, मुंबईजवळच्या न्हावाशेवा बंदरापर्यंत थंड कंटेनर लागतो. एवढे उभारायला कोट्यवधी रुपये लागतात. गावचा खाटीक किंवा कुरेशी या दारापर्यंत पोहोचूच शकत नाही. तो फार तर मोठ्या कारखान्याला जनावर पुरवणारा शेवटचा दलाल होतो.

वाटाघाटींची दोन उदाहरणे बघा. इंडोनेशियात गोवंशीय मांस आणि गुरे मुख्यतः ऑस्ट्रेलियातून येत. तिथल्या जुन्या नियमाप्रमाणे संपूर्ण देश लाळ-खुरकूतमुक्त असेल तरच त्याचे मांस घेता येई. २०१४ मध्ये इंडोनेशियाने कायदा बदलला आणि २०१६ मध्ये भारताच्या म्हशीच्या मांसाला दार उघडले. कारण साधे होते : तिथे मांस महाग झाले होते आणि सरकारला ते किलोमागे ८० हजार रुपियांपर्यंत खाली आणायचे होते. तिथल्या पशुपालकांनी घटनात्मक न्यायालयात दाद मागितली, तरी आयात चालू राहिली.

दुसरे उदाहरण चीनचे. मे २०१३ मध्ये चीनचे पंतप्रधान ली केचियांग दिल्लीला आले तेव्हा म्हशीच्या मांसाबाबत सामंजस्य करार झाला. पण चीनचे सरळ दार काही उघडले नाही. माल व्हिएतनामला जात राहिला आणि तिथून मागच्या दाराने चीनमध्ये. काही वर्षे आपल्या मांसाचा सर्वात मोठा ग्राहक कागदोपत्री व्हिएतनाम होता, ताट मात्र चीनचे होते. पुढे चीनने ही चोरवाट आवळली तशी आपली निर्यात उतरली. २०१९-२० मध्ये ती साडेअकरा लाख टनांच्या आसपास आली. दार अर्धवट उघडे असले की माल पडेल भावात द्यावा लागतो, हा बाजाराचा नियम इथेही लागू झाला.

या सगळ्या इतिहासात एक गोष्ट ठळक दिसते. परदेशी दारावर भारत सरकार धर्माची भाषा बोलत नाही. तिथे ते विषाणू, सामू, तापमान आणि प्रमाणपत्र यांची भाषा बोलते. ग्राहकाने धर्माचे नाव घेऊन नव्हे, शास्त्राचा आधार देऊन अडवावे, असा आग्रह धरते. मग हीच भाषा गावच्या बैलबाजारात का चालत नाही?

गावाचे दार कसे बंद झाले

आता चांद्याच्या कायद्याचा इतिहास. २०१५ ची बंदी आपल्याकडे पहिलीच, असा अनेकांचा समज आहे. तो बरोबर नाही. १९४९ मध्ये मध्य प्रांत आणि वऱ्हाडचा पशुसंरक्षण कायदा आला, तो चांदा जिल्ह्यालाही लागू होता. १९५१ च्या दुरुस्तीने गाय, वासरू, कालवड, वळू आणि बैल या सर्वांच्या कत्तलीला पूर्ण बंदी झाली. म्हशीला प्रमाणपत्र घेऊन परवानगी होती. म्हणजे २०१५ मध्ये राज्यभर जे आले ते आपल्या भागाने आधीच भोगले होते.

या कायद्याला, तसेच बिहार आणि उत्तर प्रदेशच्या कायद्यांना, कुरेशी समाजातील लोकांनी सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिले. २३ एप्रिल १९५८ ला निकाल लागला. न्यायालयाने गाय आणि वासरांवरची बंदी मान्य केली, पण जो बैल किंवा म्हैस निरुपयोगी झाली आहे तिच्या कत्तलीवरची सरसकट बंदी घटनाबाह्य ठरवली. कारण काय दिले? चारा मर्यादित आहे, भाकड जनावर कामाच्या जनावराचा घास खाते आणि हे मांस गरिबांचे स्वस्त अन्न आहे. १९५८ चे न्यायालय हिशेब करून बोलत होते.

१९७६ चा महाराष्ट्राचा कायदा साधारण याच चौकटीत होता : गाय नाही, पण बैल आणि म्हैस प्रमाणपत्राने चालेल. १९९५ मध्ये शिवसेना-भाजप सरकारने दुरुस्ती मंजूर करून बैल आणि वळूही बंदीत आणले. ती राष्ट्रपतींच्या संमतीसाठी जवळजवळ वीस वर्षे पडून होती. मधल्या काळात २००५ मध्ये गुजरातच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायाधीशांच्या पीठाने बहुमताने भूमिका बदलली. शेण आणि गोमूत्र देणारे जनावर कधीच निरुपयोगी नसते, असे मानले गेले. २०१५ मध्ये संमती आली. आता बैल कापल्यास पाच वर्षांपर्यंत कैद. कत्तलीसाठी विकणे गुन्हा, विकत घेणे गुन्हा, राज्याबाहेर नेणे गुन्हा.

६ मे २०१६ ला मुंबई उच्च न्यायालयाने कत्तलबंदी कायम ठेवली, पण दोन कलमे रद्द केली. राज्याबाहेर कायदेशीर कापलेल्या जनावराचे मांस जवळ बाळगणे हा गुन्हा राहिला नाही. आणि आरोपीनेच आपण निर्दोष असल्याचे सिद्ध करावे, ही तरतूदही गेली. हा निकाल प्रत्येक कार्यकर्त्याला माहीत असला पाहिजे. आजही अनेक ठिकाणी ही कलमे जिवंत असल्यासारखे धमकावले जाते.

आमच्या भागात या बंदीचा अर्थ नकाशावर दिसतो. राजुऱ्याच्या पलीकडे तेलंगणाचा आसिफाबाद जिल्हा आहे, सिरोंचाच्या पलीकडे गोदावरी ओलांडली की पुन्हा तेलंगणा. तिकडे १९७७ च्या कायद्याने गाय आणि वासराला बंदी आहे, पण काम न देणाऱ्या बैलाला प्रमाणपत्र मिळू शकते. म्हणजे नदीच्या एका काठावर जो बैल कायदेशीर माल आहे, तोच दुसऱ्या काठावर गुन्ह्याचा पुरावा आहे. भारत परदेशांना सांगतो, आमच्या मालावर अडथळे लावू नका. आणि घटनेच्या कलम ३०१ ने देशांतर्गत व्यापार मुक्त असल्याचे सांगितले असताना प्रत्यक्षात प्राणहितेच्या पात्रात सीमाशुल्क नाक्यापेक्षा कडक अडथळा उभा आहे.

असा अडथळा उभा राहिला की व्यवहार थांबत नाही, तो अंधारात जातो. अंधारात गेला की भाव पडतो, हप्ता वाढतो आणि जनावरांचे हाल वाढतात. मधले खिसे भरतात. तोटा कोणाचा? ज्याच्या गोठ्यात बैल आहे त्याचा.

२३ मे २०१७ ला केंद्राने आणखी एक पाऊल टाकले. जनावरांच्या बाजारात कत्तलीसाठी विक्रीच करता येणार नाही, असे नियम काढले आणि त्यात म्हशीही घातल्या. आठवड्याच्या आत मद्रास उच्च न्यायालयाच्या मदुराई खंडपीठाने त्यांना स्थगिती दिली, जुलैमध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती देशभर लागू केली आणि पुढच्या वर्षी केंद्राला बदललेल्या नियमांचा मसुदा काढावा लागला. पण भीती मागे राहिली. कायद्याने म्हशीची वाहतूक चालते, रस्त्यावर मात्र गोरक्षकांचा कायदा चालतो. २०२५ मध्ये महाराष्ट्रातल्या कुरेशी समाजाने या जाचाला कंटाळून जनावरांची खरेदीच बंद केली, तेव्हा बाजार ओस पडले आणि शेतकऱ्याच्या लक्षात आले की आपला ग्राहक कोण होता.

हिशेब मांडू या

चंद्रपूर-गडचिरोलीचा शेतकरी धान पिकवतो. त्याची गुरे लहान चणीची, जंगलात चरणारी. त्यांतल्या कठाणी गाईला २०२३ मध्ये स्वतंत्र जात म्हणून राष्ट्रीय नोंदणी मिळाली. ही गुरे दुधासाठी नव्हे, चिखलणीसाठी. बैल थकला की पूर्वी तो विकून त्या पैशात भर घालून नवा गोऱ्हा घेतला जाई. म्हातारा बैल म्हणजे नव्या बैलाचे भांडवल. तो विकता येत नाही म्हटल्यावर शेतकऱ्यापुढे दोनच वाटा : मरेपर्यंत पोसा किंवा मोकळे सोडा. मोकळे सोडलेले जनावर दुसऱ्याच्या धानात शिरते नाहीतर जंगलात वाघाच्या तोंडी जाते.

बंदीने गोवंश वाढला असता तर निदान एक दावा खरा झाला असता. २०१२ च्या पशुगणनेत महाराष्ट्रात १ कोटी ५४ लाख गोवंश होता, २०१९ मध्ये तो १ कोटी ३९ लाखांवर आला. ट्रॅक्टर वाढले, चराई घटली, दुष्काळ पडले, ही कारणे आहेतच. पण ज्या जनावराला शेवटी किंमत नाही ते कोण पाळणार, हेही कारण आहे. याच काळात म्हशींची संख्या मात्र टिकून राहिली. म्हातारपणी जिला बाजार आहे, तिला लोक पाळतात.

३० सप्टेंबर २०२४ ला राज्य सरकारने देशी गाईला 'राज्यमाता-गोमाता' जाहीर केले आणि गोशाळांना गाईमागे रोज ५० रुपये अनुदान ठरवले. गोशाळेला ५० रुपये, आणि बारा वर्षे नांगर ओढलेला बैल पोसणाऱ्या माडिया, गोंड, गोवारी, बौद्ध शेतकऱ्याला किती? काहीच नाही. त्याच्याकडून विक्रीचा हक्क काढून घेतला, भरपाई दिली नाही. एखाद्या कंपनीची मालमत्ता सरकारने अशी गोठवली असती तर न्यायालयात केवढा गदारोळ झाला असता!

आणखी एक बाजू पाहा. २०१९ पासून केंद्र सरकार लाळ-खुरकूत आणि ब्रुसेलोसिसविरुद्ध सुमारे १३ हजार कोटींची मोहीम राबवत आहे, २०३० पर्यंत लाळ-खुरकूत नाहीशी करण्याचे उद्दिष्ट आहे. गोठ्यागोठ्यात जाऊन जनावराला लस टोचतात, कानात बारा अंकी बिल्ला मारतात. लस चांगलीच आहे, ती सगळ्यांनी टोचून घ्यावी. पण देश रोगमुक्त झाला की परदेशाची मोठी दारे उघडतील आणि त्याचा नफा निर्यातदाराला मिळेल. या कामात गडचिरोलीच्या कठाणी बैलाचाही दंड पुढे आहे. कष्ट त्याच्या मालकाचे, बाजार दुसऱ्याचा.

बाबासाहेबांच्या वाटेने

इथे आपल्याच चळवळीतून एक प्रश्न येतो आणि तो रास्त आहे. बाबासाहेबांनी मृत मांस सोडायला सांगितले, ढोर ओढणे सोडायला सांगितले. मग आपण कातड्या-मांसाच्या व्यापाराची वकिली का करावी?

उत्तर बाबासाहेबांच्याच भाषणात आहे. १९२७ मध्ये महाडला त्यांनी मृत मांस सोडण्याचा आदेश दिला. पुढे ढोर ओढणे बंद केल्याने महारांचे वर्षाला किती नुकसान होते, याचा हिशेब 'केसरी'त कोणीतरी मांडला होता. कातडे, शिंगे, खुर, हाडे यांचे पैसे मोजून दाखवले होते. १५ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात बाबासाहेबांनी त्याची आठवण सांगितली आणि आपले उत्तरही सांगितले : एवढा फायदा असेल तर तो तुम्हीच घ्या, ते काम तुम्ही करा, वरून मी पैसे देतो. आम्हाला इज्जत हवी आहे. दुसऱ्याच दिवशी, १६ ऑक्टोबरला, त्यांनी चांद्यात लाखोंना धम्मदीक्षा दिली.

यातून दोन गोष्टी निघतात. पहिली, बाबासाहेबांचा विरोध व्यवसायाला नव्हता, जन्माने लादलेल्या सक्तीला होता. एखाद्या जातीने अमुक काम केलेच पाहिजे ही सक्ती, आणि अमुक व्यापार करताच कामा नये ही बंदी, या एकाच नाण्याच्या दोन बाजू आहेत. दोन्हीत माणसाची निवड मारली जाते. दुसरी, त्यांनी निर्णय आपल्या लोकांच्या हातात दिला. सरकारच्या किंवा गोरक्षकाच्या हातात नाही. आपण मांस खावे की न खावे हे आपले शील आणि आपले मन ठरवेल, लाठी ठरवणार नाही.

१९४८ च्या 'द अनटचेबल्स' या ग्रंथात त्यांनी दाखवले की गोमांस हा अस्पृश्यता घडवण्याचा धागा होता. बौद्ध धम्माला शह देण्यासाठी ब्राह्मणांनी गोमांस सोडले, आणि ज्या गरीब वाताहत झालेल्या लोकांना मेलेल्या गाईचे मांस खाण्यावाचून पर्याय नव्हता ते बाहेर टाकले गेले. त्याच वर्षी २४ नोव्हेंबरला संविधान सभेत गोहत्याबंदीची दुरुस्ती आली. ती मार्गदर्शक तत्त्वांत घेतली गेली, मूलभूत हक्कांत नाही. कलम ४८ ची सुरुवातच शेती आणि पशुपालन आधुनिक व शास्त्रीय पद्धतीने करण्यापासून होते. झेड. एच. लारी यांनी तेव्हाच सभेला सांगितले होते की धर्मामुळे बंदी हवी असेल तर तसे सरळ म्हणा, आडून नको. ते आडून येणे आजही चालू आहे. कलमातला 'शास्त्रीय' हा शब्द निर्यातीच्या कारखान्यात वापरला जातो आणि गावात पुसला जातो.

आपण काय करायचे

पहिले, कायदा पाठ करा. म्हशीची खरेदी-विक्री आणि वाहतूक कायदेशीर आहे. २०१६ च्या निकालाची प्रत प्रत्येक तालुक्यात कार्यकर्त्याच्या मोबाइलमध्ये हवी. रस्त्यावर गाडी अडवण्याचा अधिकार कोणत्याही खासगी टोळीला नाही.

दुसरे, मागणी शेतकऱ्याच्या भाषेत मांडा. सरकारला बैल विकू द्यायचा नसेल तर तो सरकारने बाजारभावाने विकत घ्यावा किंवा गोशाळेइतकेच अनुदान मालकाला द्यावे. ग्रामसभेत ठराव घ्या. पेसा कायद्याखाली गडचिरोलीच्या ग्रामसभांना गावबाजाराबाबत अधिकार आहेत, ते वापरा.

तिसरे, कानातला बिल्ला जर परदेशी ग्राहकाला माल कुठून आला हे सांगू शकतो, तर तो शेतकऱ्याच्या मालकीचाही पुरावा झाला पाहिजे. बिल्ला आणि विक्रीची पावती असलेल्या कायदेशीर व्यवहाराला पोलिसांनी संरक्षण द्यावे, अशी मागणी जिल्हाधिकाऱ्यांकडे करा.

चौथे, कुरेशी, खाटीक, चांभार, ढोर, मादगी, गोवारी, आदिवासी आणि बौद्ध यांची या प्रश्नावर एकत्र बैठक घ्या. ही माणसे एकाच साखळीच्या कड्या आहेत. त्यांना गाईच्या नावाने वेगळे केले गेले, बैलाच्या हिशेबाने ती पुन्हा जोडता येतात.

सरकार परदेशात जाऊन म्हणते की अडथळा लावायचा असेल तर शास्त्रीय कारण द्या. आपण एवढेच म्हणायचे आहे की हाच न्याय मूलच्या बाजारात, सिरोंच्याच्या घाटावर आणि राजुऱ्याच्या नाक्यावरही लावा. शास्त्रीय कारण नसेल तर अडथळा काढा, आणि असेल तर नुकसान भरून द्या.

जय भीम! जय संविधान!